रोज सकाळी बदलणारा नकाशा: कामगंध सापळ्यांचा डायनॅमिक लेअर कसा बांधायचा

"पोरी, माह्या वावराचा ठिपका हिरवा कसा काय? सापळा तं चार दिवसापासून कोणी पाह्यलाच नाही."

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या शेतकरी गटातल्या एका काकांनी फोन पुढे करून मला हे विचारलं. नकाशा मी केलेला होता. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी लावलेल्या प्रत्येक कामगंध सापळ्याचा (मादीसारख्या गंधाने नर पतंगांना ओढून पकडणारा सापळा) एक ठिपका. पतंग कमी असले तर हिरवा, जास्त असले तर लाल. रोज सकाळी गटातली मंडळी पतंग मोजून शीटमध्ये भरायची आणि नकाशा ती शीट वाचायचा. घरी जाऊन पाहिलं तर काकांच्या सापळ्यापुढचा रकाना रिकामा होता. रिकाम्या रकान्याचा आकडा करायला सांगितला की जावास्क्रिप्ट शून्य देते. शून्य पतंग, म्हणून हिरवा. ज्या वावरात कोणी पाय ठेवला नव्हता, तिथे नकाशा 'सगळं ठीक आहे' सांगत होता.

त्या दिवसानंतर मी हा लेअर, म्हणजे नकाशावरचा ठिपक्यांचा थर, पायापासून पुन्हा बांधला. ती बांधणी इथे पायरीपायरीने मांडते. तुम्हाला सापळ्यांऐवजी विहिरींची पाणीपातळी, गावोगावचा पाऊस किंवा टँकरच्या फेऱ्या दाखवायच्या असतील, तरी रचना हीच राहील.

डायनॅमिक म्हणजे नेमकं काय

हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि नवीन माणूस तिथेच गोंधळतो. एका प्रकारात नकाशाचं चित्र सर्व्हर काढतो. तुम्ही नकाशा सरकवला किंवा मोठा केला की तेवढ्या भागाचं ताजं चित्र मागवलं जातं. डब्ल्यूएमएस (वेब मॅप सर्व्हिस) सेवा आणि आर्कजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरच्या डायनॅमिक मॅप सेवा या जातीच्या. दुसऱ्या प्रकारात सर्व्हरकडून फक्त माहिती येते, म्हणजे कुठे, कधी, किती. आणि ठिपके ब्राउझर स्वतः काढतो. साठ-सत्तर सापळ्यांसाठी दुसरा प्रकार घ्या. माहिती हलकी असते, ठिपक्यावर बोट ठेवलं की तपशील उघडतो, आणि स्वतःचा सर्व्हर सांभाळावा लागत नाही. पहिल्या प्रकाराकडे शेवटी वळू.

पायरी १: शीट नीट मांडा

अर्धं यश इथेच ठरतं, म्हणून घाई करू नका. गूगल शीटमध्ये दोन पानं करा. पहिलं 'सापळे': सापळा क्रमांक, गाव, अक्षांश, रेखांश. दुसरं 'नोंदी': सापळा क्रमांक, तारीख, पतंगांची संख्या. एका नोंदीला एक ओळ. बहुतेक जण प्रत्येक तारखेला नवा उभा रकाना करतात. वहीत ते बरं दिसतं, पण प्रोग्रामला रोज नवं नाव ओळखत बसावं लागतं. ओळी खाली वाढू द्या, रकाने तेवढेच ठेवा.

तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, २०२४-०८-०५ अशी. आपण सवयीने ०५/०८/२०२४ लिहितो, तर ब्राउझर अमेरिकी पद्धतीने ती ८ मे वाचतो. ऑगस्टमधली नोंद पेरणीच्या आधीची होऊन बसते. आणखी एक खाच आहे. २०२४-०८-०५ अशी नुसती तारीख जावास्क्रिप्टच्या डेटला दिली, तर ती ग्रीनिच वेळेची मध्यरात्र धरली जाते, म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. 'किती दिवस झाले' या हिशेबात त्यामुळे एका दिवसाची चूक शिरू शकते. त्यासाठी तारखेचे तीन तुकडे करा आणि वर्ष, महिना, दिवस वेगळे देऊन तारीख तयार करा. महिना शून्यापासून मोजतात हे विसरू नका. ऑगस्ट म्हणजे ७.

सापळ्याची जागा फोनच्या नकाशावर बोट दाबून धरून घ्या, तीही सापळ्यापाशी उभं राहून. घरी बसून अंदाजाने घेतलेली जागा हमखास धुऱ्यापलीकडे (बांधापलीकडे) जाते. दशांशानंतर ५ आकडे पुरेत, त्यात साधारण एका मीटरपर्यंतचा नेमकेपणा येतो. नकाशा सगळ्यांना खुला राहणार असेल तर मी ३ आकडेच ठेवते. तेवढ्यात जागा शंभरेक मीटरपर्यंत कळते आणि कोणाच्या वावरावर बोट ठेवलं जात नाही. शेतकऱ्याचं नाव आणि फोन नंबर या शीटमध्ये ठेवूच नका, त्यांची वेगळी शीट करा. वेबवर प्रकाशित केलेली शीट लिंक हाती लागलेल्या कोणालाही वाचता येते.

आता तिसरं पान करा, 'ताजे'. त्यात फिल्टरच्या सूत्राने फक्त गेल्या १० दिवसांच्या नोंदी आणा. साधा हिशेब करून पाहा: ६० सापळे, १०० रात्री, म्हणजे ६,००० ओळी. एका ओळीला २० बाइट धरले तर १२० केबी. दहा दिवसांच्या ६०० ओळी १२ केबीत बसतात. वावरात एक कांडी नेटवर्क असताना हा फरक डोळ्यांना दिसतो. मग 'सापळे' आणि 'ताजे' ही दोनच पानं सीएसव्ही स्वरूपात (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेला साधा मजकूर) वेबवर प्रकाशित करा. शीट बदलल्यावर प्रकाशित प्रत बदलायला काही मिनिटं जातात. आपली नोंद दिवसातून एकदाच येते, त्यामुळे हा उशीर चालतो.

पायरी २: पायाचा नकाशा

लीफलेट ही वेब-नकाशांची जावास्क्रिप्ट लायब्ररी (तयार कोडचा संच) घ्या. २०११ साली आलेली, मोफत, आणि सुमारे ४२ केबीची. मॅपलिब्रे आणि ओपनलेअर्स जास्त ताकदीच्या आहेत, पण साध्या फोनवर साठ ठिपक्यांसाठी तेवढ्या ताकदीची गरज नाही.

पानात नकाशासाठी एक चौकट करा आणि तिला उंची द्या. नकाशा दिसत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या दर दुसऱ्या माणसाची चौकट शून्य उंचीची निघते. नकाशाचा मध्य यवतमाळजवळ ठेवायचा तर अक्षांश २०.३९, रेखांश ७८.१३. झूम ९ ठेवला की फोनच्या ३६० पिक्सेल रुंदीत साधारण १०० किलोमीटर मावतात. त्याखाली ओपनस्ट्रीटमॅपच्या टाइल्स (नकाशाच्या चित्राचे चौकोनी तुकडे) लावा आणि कोपऱ्यात त्यांचं श्रेय नक्की द्या. ती अट आहे, आणि गावागावातून लोकांनी भरलेल्या नकाशाचा तो मानही आहे. या टाइल्स मोठ्या प्रमाणावर उतरवून साठवायला मात्र मनाई आहे.

फाइलवर दोनदा क्लिक करून पान उघडलं तर पुढच्या पायऱ्यांत माहिती मागवताना ब्राउझर अडवू शकतो. पायथनचा छोटा एचटीटीपी सर्व्हर चालवा आणि लोकलहोस्टवरून, म्हणजे स्वतःच्याच संगणकाच्या पत्त्यावरून पाहा.

पायरी ३: अक्षांश-रेखांशाचा क्रम

लीफलेटला आधी अक्षांश लागतो, मग रेखांश. जिओजेसन (नकाशाच्या माहितीचं एक स्वरूप) फाइलमध्ये उलटं, आधी रेखांश. क्रम चुकला तर यवतमाळचा सापळा ७८ अंश उत्तर, २० अंश पूर्व इथे जातो. ते ठिकाण आर्क्टिक महासागरात, स्वालबार्डच्या बेटांमध्ये आहे. कुठलीही त्रुटी दाखवली जात नाही, ठिपका आपल्या नकाशावर दिसतच नाही आणि तुम्ही तासभर कोड चाळत बसता. म्हणून प्रत्येक बिंदूला एक चाळणी लावा: विदर्भासाठी अक्षांश १८.५ ते २२ आणि रेखांश ७५.५ ते ८१ यांच्या बाहेर काही आलं, तर तो ठिपका काढू नका आणि सापळ्याचा क्रमांक ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (कोडचे संदेश दाखवणारी खिडकी) छापा.

पायरी ४: आकडा वाचणं

काकांचा ठिपका जिथे फसला ती ही जागा. फेच (वेबवरून माहिती मागवणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन) करून सीएसव्ही आणा, पापापार्स लायब्ररीने ओळी सुट्या करा, आणि पतंगांचा आकडा वाचायला एक स्वतंत्र फंक्शन लिहा. त्यात तीन गोष्टी या क्रमाने करा.

आधी आजूबाजूची मोकळी जागा छाटा. त्यानंतर काहीच उरलं नाही तर 'नल' (म्हणजे नोंद नाही) परत करा, शून्य अजिबात नको. रिकाम्याचा शून्य होतो तो इथे.

मग देवनागरी आकडे बदला. आपल्याकडे फोनचा कीबोर्ड मराठीत असतो आणि माणूस सहज '८' लिहितो. शीटमध्ये ते आपल्याला आठच दिसतं, पण जावास्क्रिप्टच्या नंबर फंक्शनला देवनागरी आठ कळत नाही. उत्तर येतं 'नॅन', म्हणजे हा आकडाच नाही. आणि नॅनची कशाशीही तुलना केली तरी उत्तर 'खोटं' येतं. तुमची अट 'आठपेक्षा कमी तर हिरवा, नाहीतर लाल' अशी असेल, तर देवनागरीत लिहिलेला एक पतंगसुद्धा लाल ठिपका होईल. रिकामा रकाना हिरवा, मराठीत भरलेला रकाना लाल. एकाच शीटमध्ये दोन चुका दोन उलट्या दिशांना. उपाय सोपा आहे: युनिकोडमध्ये देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६ आहे आणि पुढचे नऊ ओळीने येतात. अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की नेहमीचा आकडा मिळतो. मराठीत लिहू नका असं लोकांना सांगत बसण्यापेक्षा या चार ओळी लिहिणं बरं.

शेवटी आकडा तपासा. नॅन, ऋण किंवा अपूर्णांक आला तर पुन्हा 'नल'.

पायरी ५: ठिपक्याचा रंग ठरवणं

गुलाबी बोंडअळीसाठी आर्थिक नुकसानीची पातळी धरतात ती अशी: प्रत्येक सापळ्यात रात्री ८ पतंग, सलग ३ रात्री. 'सलग' हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसती शेवटची ओळ पाहून रंग देणारा लेअर हा शब्द गिळून टाकतो. एका रात्री १२ पतंग आले म्हणून ठिपका लाल झाला, तर फवारणीचा पंप उगीच पाठीवर चढतो. २०१७ च्या हंगामात बोंडअळीने विदर्भातली कपाशी पोखरली, आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आमच्या भागात लाल रंग जपूनच वापरावा लागतो.

म्हणून एक फंक्शन असं लिहा, ज्याला सापळ्याच्या नोंदी आणि एक तारीख द्यायची आणि त्याने स्थिती सांगायची. तारीख बाहेरून द्यायची, 'आज' आतच गृहीत धरायचं नाही. याचा फायदा पुढे दिसेल. मी चार स्थिती ठेवल्या आहेत. सलग ३ रात्री ८ किंवा जास्त पतंग असतील तर लाल. शेवटच्या रात्री ८ किंवा जास्त पतंग पण तीन रात्री पूर्ण झाल्या नाहीत, किंवा मधली एक नोंद नाही, तर पिवळा. शेवटची नोंद दोन दिवसांच्या आतली आणि ८ पेक्षा कमी असेल तर हिरवा. आणि दोन दिवसांत नोंदच नसेल तर राखाडी, तोही आतून पोकळ, फक्त कडा असलेला. जुनी झालेली स्थिती लाल होती तर आत पोकळ आणि कड लाल. तिथे शेवटचं जे कळलं ते वाईट होतं, त्यानंतर कोणी गेलं नाही, हे दोन्ही त्या एका ठिपक्यात वाचता येतं.

राखाडी तपासणी सगळ्यात आधी करा. हा क्रम बदलला तर गेल्या आठवड्याचा हिरवा आजही हिरवाच राहतो.

लाल-हिरवा फरक काही जणांना दिसत नाही, आणि भर उन्हात तर कोणालाच नीट दिसत नाही. लाल ठिपका आकारानेही मोठा ठेवा. लीफलेटच्या सर्कलमार्करची त्रिज्या ११-१२ पिक्सेल असू द्या, नाहीतर मातीच्या अंगठ्याने तो धरता येत नाही.

पॉपअपमध्ये सापळा क्रमांक, गाव, शेवटच्या तीन नोंदी तारखेसह, आणि 'शेवटची नोंद किती दिवसांपूर्वी' हे लिहा. लाल असेल तर आम्ही एक ओळ देतो: एकरी २० हिरवी बोंडं फोडून पाहा, २ किंवा जास्त बोंडांत अळी निघाली तर सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहाय्यक) कळवा. ते १० टक्के झाले, आणि तीही नुकसानीची पातळी धरली जाते. औषधाचं नाव नकाशावर देत नाही. ते काम वावर पाहिलेल्या माणसाचं.

पायरी ६: ठिपके बदला, पुसून काढू नका

पहिल्यांदा लिहिताना सगळे असंच करतात: नवी माहिती आली की जुने ठिपके क्लिअरलेअर्सने पुसायचे आणि सगळे पुन्हा काढायचे. चालतं, पण माणूस पॉपअप वाचत असताना तो मधेच मिटतो आणि नकाशा लुकलुकतो. त्याऐवजी सापळा क्रमांकाची एक यादी ठेवा, प्रत्येक क्रमांकापुढे त्याचा मार्कर. ठिपका आधीपासून असेल तर सेटस्टाइलने रंग बदला आणि सेटपॉपअपकन्टेन्टने मजकूर. नसेल तरच नवा काढा. शीटमधून गेलेला सापळा यादीतून आणि नकाशावरून काढा.

सगळे मार्कर एका लेअरग्रुपमध्ये ठेवा आणि तो ग्रुप नकाशावर एकदाच चढवा. रिफ्रेश करताना नवा मार्कर ग्रुपमध्ये जाईल, थेट नकाशावर नाही. तसं केलं नाही तर कोणी लेअरच्या यादीतून 'सापळे' बंद केले असले, तरी पुढच्या रिफ्रेशला ते पुन्हा उगवतात. ही यादी लीफलेटच्या कंट्रोल-लेअर्सने मिळते. त्यात 'सापळे' आणि 'गावशिवार' असे दोन थर द्या.

गावशिवाराच्या सीमा चढवल्या की एक नवीच अडचण येते: ठिपक्यावर बोट ठेवलं तरी सीमेचा बहुकोन ते बोट पकडतो. सर्कलमार्कर आणि बहुकोन दोन्ही एकाच पेनमध्ये (थर ठेवायचा कप्पा), ओव्हरलेपेनमध्ये असतात, ज्याचा झेड-इंडेक्स, म्हणजे कोण वर हे ठरवणारा आकडा, ४०० आहे. जो नंतर चढला तो वर. सापळ्यांसाठी ४५० चं वेगळं पेन करा आणि सीमांचं इंटरॲक्टिव्ह बंद ठेवा.

पायरी ७: कधी मागवायचं आणि नेटवर्क गेलं तर काय

नोंद सकाळी एकदा येते. दर दहा सेकंदांनी शीट मागवून लोकांचा डेटा जाळू नका. सेट-इंटरव्हलला १५ मिनिटं द्या, म्हणजे ९,००,००० मिलिसेकंद. शिवाय फोन खिशात गेला की मागणी थांबवा आणि पान पुन्हा समोर आलं की लगेच एकदा मागवा. व्हिजिबिलिटीचेंज ही घटना त्यासाठीच आहे.

फेचची एक गोष्ट माहीत असायला हवी. पान सापडलं नाही तरी फेच ते अपयश मानत नाही. रिस्पॉन्सचं 'ओके' तुम्ही स्वतः तपासायचं. नाहीतर चुकीच्या पानाचा एचटीएमएल मजकूर सीएसव्ही म्हणून वाचला जातो आणि सगळे ठिपके उडतात. मी पहिल्या ओळीतले रकान्यांचे मथळेही जुळवून पाहते. जुळले नाहीत तर आलेली माहिती टाकून द्यायची आणि जुने ठिपके तसेच ठेवायचे.

जी शेवटची माहिती नीट आली, ती वेळेसह लोकलस्टोरेजमध्ये (ब्राउझरची फोनमधली साठवण) ठेवा. नेटवर्क नसताना पान उघडं असेल तर तीच दाखवा. आणि नकाशाच्या वर एक पट्टी कायम ठेवा: 'माहिती आणली: आज सकाळी ८.४०'. ही वेळ पॉपअपमधल्या नोंदीच्या वेळेपेक्षा वेगळी आहे. एक सांगते फोनने शीट कधी वाचली, दुसरी सांगते माणसाने सापळा कधी पाहिला. दोन्ही दिसल्या पाहिजेत.

मागचे दिवस पाहायचे असतील तर

स्थिती काढणाऱ्या फंक्शनला तारीख बाहेरून दिली होती, त्याचं काम इथे होतं. नकाशाखाली एक स्लायडर द्या, १० दिवसांचा. सरकवला की तीच तारीख फंक्शनला द्या आणि सेटस्टाइल चालवा. नवीन काही मागवावं लागत नाही. बोंडअळी कुठल्या धुऱ्याकडून सरकत आली ते अशा सरकत्या नकाशावर समजतं, शेजारच्या गावात फरदड (हंगाम संपल्यावरही उभी ठेवलेली कपाशी) उभी होती का, हा प्रश्नही तिथूनच निघतो.

सर्व्हरने काढलेला लेअर

इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ २००९ पासून आहे आणि तिथले काही थर डब्ल्यूएमएसने मिळतात. लीफलेटच्या टाइललेअर-डब्ल्यूएमएसला सेवेचा पत्ता आणि लेअरचं नाव द्या. नाव अंदाजाने लिहू नका, सेवेकडे गेटकेपेबिलिटीज (तिच्या सगळ्या थरांची यादी) मागून त्या यादीतूनच उचला. फॉरमॅट पीएनजी आणि ट्रान्सपरंट 'ट्रू'. जेपीईजी घेतलं तर खालचा नकाशा झाकला जातो, कारण त्यात पारदर्शकता नसते. तारीख किंवा थर बदलायचा असेल तर सेटपॅराम्स वापरा, लीफलेट चित्रं आपोआप पुन्हा मागवते.

सापळे हजारोंच्या घरात गेले तर शीट पुरणार नाही. मग पोस्टजीआयएस हा जागेची माहिती साठवणारा डेटाबेस, जागेच्या रकान्यावर शोध जलद करणारा जिस्ट इंडेक्स, आणि नकाशा सरकून थांबला की मूव्हएन्ड या घटनेला फक्त दिसणाऱ्या चौकटीतली माहिती मागवायची. आधीची मागणी ॲबॉर्टकंट्रोलरने रद्द करायला विसरू नका. हळू नेटवर्कवर आधी मागवलेलं उत्तर नंतर येतं आणि नव्या ठिपक्यांवर जुने बसतात.

वावरात नेण्याआधी

गिटहब पेजेससारख्या मोफत ठिकाणी पान चढवा, एचटीटीपीएस (सुरक्षित जोडणी) आपोआप मिळतं. 'मी कुठे आहे' हे बटण त्याशिवाय चालत नाही. मग शीटच्या प्रतीवर मुद्दाम बिघाड करून पाहा. एका सापळ्याचे शेवटच्या तीन दिवसांचे रकाने रिकामे सोडा: ठिपका राखाडी व्हायला हवा. एक आकडा देवनागरीत लिहा: रंग बरोबर यायला हवा. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल करा: ठिपका गायब आणि कन्सोलमध्ये क्रमांक. मधल्या रात्रीची नोंद पुसा: लाल पिवळा व्हायला हवा. फोन एअरप्लेन मोडवर टाका: ठिपके तसेच, पट्टीवरची वेळ जुनी.

आमच्याकडे आता सकाळी नकाशा उघडला की गटातली पोरं आधी राखाडी ठिपके मोजतात आणि मोटरसायकल तिकडे वळवतात. काकांचा सापळा नाल्यापलीकडे आहे, पाऊस झाला की तिथे जाता येत नाही. पावसाळ्यात त्यांचा ठिपका बरेचदा पोकळ असतो, आणि त्यावर बोट ठेवलं की दिसतं: शेवटची नोंद ४ दिवसांपूर्वी.